त्याच जागी पुन्हा भुज

बुधवार, दादर

सयाजीनगरी एक्सप्रेस दुपारी दादरहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुजला पोचते. आमचा डबा मुलुंड, घाटकोपर, डोंबिवलीच्या कच्छी कुटुंबांनी भरलेला होता. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी कुलदेवतेला. वसई मागे पडायच्या आत थेपले निघाले आणि त्यांच्याबरोबर आमची चौकशीही सुरू झाली. रण बघायला चाललात का? नाही, भुज बघायला. भुजमध्ये एवढं काय बघणार?

आम्ही दोघी बहिणी लातूर जिल्ह्यातल्या, औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळकरी वयाच्या होतो. पूर्ण कोसळलेली ५२ गावं सरकारने जुन्या गावठाणातून उठवून नव्या जागी वसवली, त्यातलं एक आमचं. पुढे मी नगररचनेच्या कामात आरेखक झाले. पडलेलं गाव हलवावं की होतं तिथेच पुन्हा बांधावं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. भुज होतं तिथेच राहिलं. १८१९ च्या भूकंपानंतरही आणि २००१ च्या भूकंपानंतरही. ते कसं राहिलं, काय देऊन राहिलं, हे प्रत्यक्ष बघायचं होतं.

किल्लारीचं नाव ऐकल्यावर समोरच्या बाकावरचे काका सरसावून बसले. त्यांचं वडिलोपार्जित घर भुजच्या वाणियावाडात होतं. ते स्वतः मशीद बंदरला धान्याच्या व्यापारात. २६ जानेवारी २००१ ला सुट्टी म्हणून घरीच होते. फोन लागेनात, म्हणून मिळेल त्या गाडीने भुजला गेले. तिथे पोचले तर स्वतःच्या गल्लीचं तोंड सापडेना. दोन्ही बाजूंची घरं मधोमध येऊन पडली होती आणि गल्ली कुठे होती तेच कळत नव्हतं. मुंबईच्या कच्छींनी पुढचे कित्येक आठवडे तिकडे ब्लँकेटं, दूध पावडर, ताडपत्र्या पाठवल्या.

“उतरल्यावर आधी नाक्यानाक्याने चाला, बेन,” ते म्हणाले. “महाल नंतर बघा. रस्ते आधी बघा.”

गुरुवार, तटाच्या आत

राव खेंगारजी पहिले यांनी १५४९ मध्ये भुजला कच्छची राजधानी केलं. पुढे शहराभोवती तट आला आणि त्याला पाच नाके झाले: महादेव, वाणियावाड, पाटवाडी, सरपट आणि भीड. शिवाय एक लहान वाट, तिला छठ्ठी बारी म्हणतात. आज तट फार ठिकाणी उरलेला नाही, पण पत्ता विचारला की रिक्षावाला अजून नाक्याचंच नाव घेतो.

हमीरसर तलावाच्या काठाने आम्ही महादेव नाक्यातून आत शिरलो. जुनं शहर म्हटल्यावर आपल्याला बोळ अपेक्षित असतात. पैठणचे, नाशिकचे, वाईचे. इथे समोर येतो सरळ, रुंद, डांबरी रस्ता. दोन ट्रक आरामात एकमेकांना ओलांडतील असा. कडेची घरं बहुतेक एकमजली, दुमजली, सगळी साधारण एका वयाची. सामान्य प्रवाशाला इथे ‘जुनं’ काही दिसणार नाही आणि तो पुढे निघून जाईल. पण ज्याने आयुष्यभर मोजणीचे नकाशे हाताळले आहेत त्याला या रस्त्यांवर थांबावंच लागतं. एका कोपऱ्यावर घराची भिंत तिरकी कापलेली, पुढे अगदी अरुंद पट्टीसारखा प्लॉट, त्याच्या पुढे एक जुनं देऊळ रस्त्याच्या रेषेबाहेर आलेलं, कारण रस्त्यानेच त्याला वळसा घातलेला. कुणीतरी इथे घराघराशी वाटाघाटी करत रेषा ओढली आहे हे दिसतं.

भूकंपाआधीचं हे शहर म्हणजे दगडी, दोन-तीन मजली घरांची दाटी. गल्ल्या वळणाच्या, बऱ्याच पुढे जाऊन बंद होणाऱ्या. २६ जानेवारीला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी ७.७ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र इथून पूर्वेला भचाऊच्या बाजूला होतं. जी माणसं घराबाहेर पळाली त्यातली अनेक गल्लीतच समोरच्या घराखाली सापडली. वाचवायला गाड्या, यंत्रं आली ती नाक्यापाशी अडली. शहरातलं सरकारी इस्पितळही कोसळलं होतं.

त्यानंतर शहरात वाद पेटला. एक मत असं की या ढिगाऱ्याला हात लावू नका, नवं भुज मोकळ्या माळावर बांधा. दुसरं मत असं की दुकान, देऊळ, मशीद, गिऱ्हाईक सगळं तटाच्या आत आहे, आम्ही माळावर जाऊन करणार काय? शेवटी मधला मार्ग निघाला. शहर इथेच राहील, मात्र गल्ल्या मोकळ्या होतील, आणि ज्यांना बाहेर जायचं आहे त्यांच्यासाठी तटाबाहेर पुनर्वसन वसाहती होतील. भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत, ८ फेब्रुवारीला, गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झालं. भुजसाठी वेगळं विकास प्राधिकरण आलं. आराखड्याचं काम अहमदाबादच्या एन्व्हायर्न्मेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेकडे, म्हणजे बिमल पटेल यांच्या चमूकडे गेलं.

रस्त्यासाठी जमीन आणायची कुठून? सरकारी खाक्या म्हणजे ज्याचं घर आड येतं त्याचं घर घ्या, मोबदला द्या, माणूस गेला. तसं केलं असतं तर काही घरं पूर्ण गेली असती आणि त्यांच्या शेजाऱ्यांना फुकटात रुंद रस्ता मिळाला असता. भुजमध्ये तसं केलं नाही. तटाच्या आतल्या भागाच्या आठ नगररचना योजना केल्या. सगळे प्लॉट मोजले, सगळे एकत्र धरले, आणि प्रत्येकाकडून आकारमानाप्रमाणे हिस्सा घेतला. अगदी लहान घरांकडून जवळपास काही नाही, मोठ्या प्लॉटवाल्यांकडून एक-तृतीयांशापर्यंत. त्या हिश्श्यांतून रस्ते निघाले आणि उरलेली जागा प्रत्येकाला होईल तितकी मूळ ठिकाणाजवळ, नव्या आकारात परत मिळाली.

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. तिचं मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. वांद्रे, खार, सांताक्रूझच्या पत्त्यांत आणि सातबाऱ्यासोबतच्या कागदांत अजून टीपीएस, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, अशी अक्षरं दिसतात ती त्याच योजनांची. आपण महाराष्ट्रात नंतर हे हत्यार जवळपास बाजूला ठेवलं. गुजरातने ते वापरत ठेवलं, म्हणून वेळ आली तेव्हा ते चालवणारे हात तयार होते. मला हे पाहून हेवा वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

सोनीवाडच्या बाजूला एका सराफाच्या दुकानाशी आम्ही रेंगाळलो. वयस्कर सोनीकाका बाहेर आले. मी काय बघते आहे ते कळल्यावर स्वतः रस्त्यात उतरले आणि चपलेच्या टाचेने डांबरावर रेघ ओढून दाखवली. “इथपर्यंत माझं घर होतं. हे सगळं मी दिलं.” वाईट वाटलं का, असं बहिणीने विचारलं. “देताना फार भांडलो, बेन. टीपीच्या ऑफिसात रोज जायचो. पण समोरच्याने पण दिलं, मागच्याने पण दिलं. एकट्याचं गेलं असतं तर दिलं नसतं.” मग म्हणाले, की नकाशा मंजूर होईपर्यंत तटाच्या आत बांधायला परवानगी नव्हती, तोवर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये दुकान चालवलं. कारागीर तोवर थांबले नाहीत. काही राजकोटला गेले, काही मुंबईला. काही परत आलेच नाहीत.

रात्री बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो आणि ताक. बहीण जेवताना एकच वाक्य बोलली: “आपल्याला कुणी असं नकाशा घेऊन विचारलं होतं का गं?”

शुक्रवार, दरबारगढ

कच्छच्या रावांचा जुना राजवाडा म्हणजे दरबारगढ. आवारात पाय टाकला की एकाच चौकात तीन काळ दिसतात. डावीकडे प्रागमहाल: उंच घड्याळाचा मनोरा, इटालियन धाटणीच्या कमानी. राव प्रागमलजी दुसरे यांनी १८६५ मध्ये हा सुरू केला, आराखडा कर्नल हेन्री सेंट विल्किन्स यांचा, आणि काम पूर्ण झालं १८७९ मध्ये, रावांच्या मृत्यूनंतर. समोर आयनामहाल, अठराव्या शतकाच्या मध्यातला. आणि या दोघांच्या मागे राणीवासाचा भाग, कोरीव खिडक्या आणि त्यांच्या मागे आकाश.

आयनामहाल मला कच्छमधली सगळ्यात विलक्षण इमारत वाटते. रामसिंह मालम हा ओखा बाजूचा दर्यावर्दी. जहाज फुटलं, डच जहाजाने उचललं, आणि तो युरोपात राहून काचकाम, मीनाकारी, घड्याळं, टाइल घडवणं शिकून आला. राव लखपतजींनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्याकडून हा महाल करून घेतला. टाइल इथेच भाजल्या, काच इथेच ओतली. फुवारामहालात मधल्या चौथऱ्याभोवती पाणी आणि कारंजी असत. तिथे बसून राव कविता ऐकत आणि स्वतःही रचत. भुजमध्ये व्रजभाषेची काव्यपाठशाळा काढणारा हा राजा होता.

या इमारतीने १८१९ सोसला आणि २००१ मध्येही ती उभी राहिली, मात्र वरच्या मजल्याची मोठी पडझड झाली. जेवढा भाग सावरला तेवढ्यात आज संग्रहालय आहे. आरशांच्या भिंतींपाशी उभं राहिलं की पारा उडालेल्या जागा दिसतात. भिंतींतल्या भेगाही दिसतात.

इथे मला एक तक्रार मांडायची आहे आणि ती कळकळीची आहे. रस्ते झाले, घरं झाली, इस्पितळ झालं, आणि ते आधी व्हायलाच हवं होतं. जखमी माणूस आणि कोरीव झरोका यांत माणूसच पहिला. पण इतकी वर्षं लोटल्यावरही दरबारगढच्या मागच्या भागात तुटकी लाकडं आणि सुटे दगड तसेच असतील, तर पुनर्बांधणी पूर्ण झाली असं म्हणता येत नाही. गावातल्या घरांची नवी रेघ आखून देता येते, आयनामहालाची येत नाही. तिथला प्रत्येक दगड मूळ जागीच बसवावा लागतो आणि त्यासाठी कारागीर हवा. कच्छमध्ये लाकडाचं, दगडाचं काम जाणणारे हात अजून आहेत. ते किती दिवस राहतील?

दुपारी छतरड्यांकडे गेलो. राजघराण्यातल्या माणसांच्या दहनभूमीवरच्या या छत्र्या लाल दगडाच्या. राव लखपतजींची १७७० ची छत्री सर्वांत मोठी, सर्वांत नक्षीदार, आणि २००१ मध्ये तीच ढासळली. खांबांचे तुकडे, कमळं, मूर्ती जमिनीवर मांडून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या. मांडून ठेवणं ही पहिली पायरी असते हे मला माहीत आहे. ढिगातून तुकडा उचलून त्याला क्रमांक देणारा माणूस मोठं काम करत असतो.

परतताना स्वामिनारायणाचं नवं मंदिर पाहिलं. जुनं मंदिर भूकंपात खचलं, म्हणून त्याच गावात दुसऱ्या जागी संगमरवरी मंदिर बांधून २०१० मध्ये खुलं केलं. आसपासच्या गावांतून आफ्रिकेत आणि इंग्लंडमध्ये गेलेल्या लेवा पटेलांनी त्यासाठी हात सैल सोडला. झळझळीत आहे, स्वच्छ आहे. मला जुनं बघायला आवडलं असतं.

शनिवार, भुजियो आणि स्मृतिवन

शहराच्या कडेला भुजियो डुंगर. वर अठराव्या शतकातला किल्ला आणि नागाचं ठाणं, नागपंचमीला जत्रा भरते. याच डोंगराच्या उतारावर ४७० एकरांत स्मृतिवन झालं आहे, २०२२ मध्ये खुलं झालं. पावसाचं पाणी अडवणारे छोटे बंधारे उतरत्या पायऱ्यांसारखे बांधले आहेत आणि त्यांच्या भिंतींवर मृतांच्या नावांच्या पाट्या, एकूण १२,९३२. पाणी अडवायची भिंत आणि नावांची भिंत एकच. कच्छसारख्या कोरड्या मुलखात यापेक्षा नेमकं स्मारक सुचणं कठीण. वास्तुरचना राजीव काठपालिया यांची.

नावं वाचत चालायला वेळ लागतो. एका आडनावाची सहा-सात नावं ओळीने येतात तेव्हा घर डोळ्यांसमोर येतं. आत संग्रहालयात भूकंपाचा धक्का अनुभवायला देणारी खोली आहे. बहीण आत आली नाही. ती बाहेर बंधाऱ्यावर बसून राहिली आणि मी तिला आग्रह केला नाही.

संग्रहालयात १८१९ ची हकिकत आहे, आणि ती कळल्याशिवाय भुज कळत नाही. १६ जून १८१९ ला संध्याकाळी धक्का बसला. उत्तरेला रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीची जमीन वर उचलली गेली. सिंधूच्या जुन्या फाट्याला आडवा बांध पडला. लोकांनी त्याला अल्लाहबंद म्हटलं, कारण माणसाने बांधलेला नव्हता. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. बुरुजावर अडकलेल्यांना होडीतून सोडवलं. चार्ल्स लायेलच्या भूशास्त्राच्या ग्रंथात सिंदरीचं चित्र छापलं गेलं आणि कच्छचा भूकंप युरोपातल्या विद्वानांच्या चर्चेत गेला. अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार पडले ते याच धक्क्याने.

भुजमध्ये सुमारे ७,००० घरं पडली आणि अकराशेच्या वर माणसं गेली. कंपनी सरकारचा इथला रेसिडेंट कॅप्टन जेम्स मॅकमर्डो याने लिहिलेला वृत्तांत बॉम्बे लिटररी सोसायटीने, म्हणजे आजच्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पूर्वज संस्थेने, १८२३ मध्ये छापला. त्यात त्याने एक निरीक्षण नोंदवलं आहे: ज्या इमारतींचा पाया खडकावर होता त्यांना फार झळ बसली नाही, मऊ मातीवरच्या कोसळल्या. इतक्या जुन्या काळी, कुठलंही उपकरण हाताशी नसताना, नुसतं फिरून आणि बघून काढलेला हा निष्कर्ष आजच्या अभियंत्यांनाही मान्य आहे.

तरीही १८१९ नंतर भुज बांधलं गेलं ते पुन्हा दगड-मातीतच. भिंती जाड, पण आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा आरपार दगड नाही, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत, वर जड छत. आमच्याकडच्या माळवदाच्या घरांची हीच गोष्ट. पिढी बदलली की धक्क्याची आठवण पुसट होते, वाढतं कुटुंब मजला चढवतं, ओटा गल्लीत दोन हात पुढे येतो. त्यात कुणी वाईट नसतं. पण त्या दोन हातांची किंमत पुढच्या धक्क्याला मोजावी लागते.

उतरताना जी. के. जनरल हॉस्पिटल बाहेरून पाहिलं. कोसळलेल्या इस्पितळाच्या जागी बांधून २००४ मध्ये सुरू झालेली ही इमारत रबर आणि शिशाच्या आधारांवर उभी आहे. जमीन हलली तरी वरच्या इमारतीपर्यंत हिसका पुरता पोचू नये म्हणून. देशात इस्पितळाला असा पाया देण्याची ही पहिलीच वेळ होती.

रविवार, अंजार आणि अजरखपूर

अंजार पूर्वेकडे, वाटेत धूळ, बाभळी आणि कारखान्यांच्या चिमण्या. सुऱ्या-अडकित्त्यांसाठी नावाजलेलं गाव. जेसल-तोरल या कच्छी लोककथेतल्या संतजोडीच्या समाधीला जाणाऱ्यांची रीघ लागलेली होती. मॅकमर्डोचा भित्तिचित्रांचा बंगलाही इथेच.

अंजारवर २१ जुलै १९५६ ला स्वतंत्र भूकंप येऊन गेला. तीव्रता ६ च्या आसपास, मृत ११५. त्यानंतर शेजारी नवी वसाहत झाली, पण जुन्या भागातल्या गल्ल्या जशा होत्या तशाच राहिल्या. आणि त्याच गल्ल्यांतून २००१ च्या प्रजासत्ताकदिनी शाळांची फेरी चालली होती. मुलांच्या हातात झेंडे होते. दोन्ही बाजूंची घरं वरून आली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले.

वीर बाळक स्मारकात त्यांची चित्रं आणि वस्तू आहेत. याविषयी मी जास्त लिहू शकत नाही. एवढंच लिहिते, की भुजच्या सोनीकाकांनी टाचेने दाखवलेली रेघ मला इथे आठवली. रुंद रस्ता ही सोय आहे असं मी नोकरीतली कितीतरी वर्षं मानत आले. गर्दीच्या जुन्या गावात तो सोयीच्या फार पलीकडचा विषय आहे.

परतीच्या वाटेवर भुजच्या अलीकडे अजरखपूर लागतं. हे गाव भूकंपाआधी नव्हतं. अजरख छापणारे खत्री मूळ धमडका गावचे. निळीचं आणि मंजिष्ठेचं हे छापकाम पाण्यावर चालतं: कापड पुन्हा पुन्हा धुवायचं, भिजवायचं, पिळायचं. धमडक्यात आधीच पाणी खालावत होतं, भूकंपानंतर त्यात लोह इतकं वाढलं की रंग बिघडायला लागला. मग कारागिरांनी स्वतः जागा शोधली, पाणी तपासलं, जमीन घेतली आणि नवं गाव वसवलं. काही कुटुंबं धमडक्यातच राहिली. दोन्हीकडे आज ठसे चालू आहेत.

इथे माझ्या मनातल्या प्रश्नाचं मला उत्तर मिळालं असं वाटतं. गाव हलवणं वाईट आणि जागेवर बांधणं चांगलं असा तो हिशोब नाहीच. अजरखपूर हललं आणि भरभराटलं, कारण हलायचं कारण गावाचं स्वतःचं होतं आणि जागाही गावाने निवडली. आमच्या भागात रस्ते भरपूर रुंद मिळाले, घरं मजबूत मिळाली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण घरं कुणीतरी बांधून किल्ली हातात दिली. गाव इतकं पांगलं की म्हाताऱ्या माणसांना पारावर यायला चालवेना. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचा विचार नकाशात नव्हता. लोकांनी पत्रे ठोकून तो नंतर केला.

कच्छच्या खेड्यांनी स्थलांतराला बहुतेक ठिकाणी नकार दिला आणि सरकारने तो मानला. पैसा हप्त्यांनी घरमालकाच्या हातात, बांधकाम त्याचं त्याने करायचं, आणि पुढचा हप्ता अभियंत्याने जोतं, लिंटेल म्हणजे दारं-खिडक्यांवरची तुळई, आणि छताखालचा काँक्रीटचा पट्टा तपासल्यावर. गवंड्यांना शिकवलं, म्हणून ती विद्या गावात राहिली. अंजारला चहाच्या टपरीवर भेटलेला गवंडी तेव्हा तिथेच शिकलेला. आता गिऱ्हाईक पैसे वाचवायला पट्टा नको म्हणालं तर तो काम सोडतो, असं त्याने सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

सोमवार, होडका आणि मुंद्रा रिलोकेशन

सकाळी उत्तरेला बन्नीच्या गवताळ पट्ट्यात होडका गावी गेलो ते भुंगे, म्हणजे इथली मातीची गोल घरं, बघायला. गोल भिंत, वर शंकूसारखं गवती छप्पर, आत मातीत आरसे बसवलेलं लिंपणकाम. गोल भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळे हिसका एका जागी न साठता भिंतभर फिरतो, आणि छप्पर हलकं असल्याने पडलं तरी जीव घेत नाही. २००१ मध्ये नीट राखलेले भुंगे उभे राहिले. भुजच्या हुन्नरशाळा या संस्थेने माती आणि कारागीर यांच्यावर भर देत पुढे जे काम केलं त्यामागे हीच शिकवण आहे. आम्हाला पाणी देणाऱ्या बाईंनी भिंतीवर थाप मारून दाखवली आणि दर दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा लिंपतो म्हणाल्या. ज्या घराला दरवर्षी हात लागतो त्याची भेग दरवर्षी दिसते.

दुपारी भुजला येऊन तटाबाहेरच्या वसाहतीत गेलो. अशा चार झाल्या: मुंद्रा, आरटीओ, रावलवाडी आणि जीआयडीसी. भुजकर नुसतं ‘रिलोकेशन’ म्हणतात. मुंद्रा रिलोकेशनमध्ये आता झाडं मोठी झाली आहेत, कोपऱ्यावर दाबेलीची गाडी, मैदानात क्रिकेट. एका ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या मावशींनी आम्हाला बसवून घेतलं. कंसारा बजारजवळ तीन पिढ्या भाड्याने राहिलेलं कुटुंब. घर पडलं, मोबदला आणि प्लॉटचा हक्क मालकाचा. यांच्याकडे भाडेपावत्यासुद्धा उरल्या नव्हत्या, त्या ढिगाऱ्यात गेल्या. आधी तंबू, मग पत्र्याची शेड, मग दीराबरोबर भागीत घेतलेला इथला प्लॉट.

“इथे वाईट काही नाही,” त्या म्हणाल्या, “पाणी येतं, शाळा आहे. पण नवऱ्याचं काम तटात. तांब्याची भांडी ठोकायचा. रोज रिक्षाचं भाडं परवडेना, मग काम सोडलं.” आणि लगेच बहिणीकडे वळून विचारलं, “तुमच्याकडे कसं दिलं, बेन?”

बहिणीने सांगितलं. आमच्या गावात शेती बघून घर दिलं. भूमिहीनाला आणि थोड्या शेतीवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. मावशींनी निवडलेली मेथी बाजूला सारली आणि आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाल्या, २५० मिळालं असतं तरी आम्ही बाजारातच राहिलो असतो.

भुजची योजना देशात दाखवण्यासारखी आहे असं मी इथून पुढे सांगत राहणार. पण ती योजना ज्या वहीवरून झाली ती मालकांची वही होती. जो प्लॉट देऊ शकतो त्यालाच परत मिळू शकतं, आणि मावशींच्या घरच्यांकडे द्यायला प्लॉटच नव्हता. २५ जानेवारी २००१ ला तटाच्या आत कोण कोण भाड्याने राहत होतं, कुणाच्या घरात, काय काम करत, आणि आता कुठे आहे, अशी यादी मला स्मृतिवनात दिसली नाही. ती अजून करता येईल. सांगणारी माणसं मुंद्रा रिलोकेशनच्या ओट्यांवर बसलेली आहेत. आणि किल्लारीच्या परिसरातही अशी वही व्हायला हवी: जुन्या गावठाणात कुणाचं घर कुणाशेजारी होतं. आमच्या गावची मी आणि बहीण सुरू करतो आहोत, सुट्टीत गावी गेलो की घरोघरी जाऊन.